सोपान, तुझ्या घरचा पाइप चावतो

समस्त मावळ तालुक्यातील मीटर, मेनस्विच, फ्यूज, होल्डर, पंखे आणि विहिरीवरच्या मोटारी यांना कळविण्यास अत्यंत दुःख होते की, ज्यांच्या हातून आपण सर्वांनी आजवर सोसले, ते भाजे येथील सोपान वायरमन यापुढे आपल्याला हात लावणार नाहीत. तरी सर्व उपकरणांनी दोन मिनिटे बंद राहून आदरांजली वाहावी. जी उपकरणे सोपाननेच दुरुस्त केलेली आहेत ती तशीही बंदच असल्याने त्यांनी वेगळे कष्ट घेऊ नयेत.

सोपान, ही सूचना मी तुझ्या फ्लेक्ससाठी लिहून दिली होती. गावकऱ्यांनी छापली नाही. त्याऐवजी मळवली स्टेशनाच्या रस्त्यावर तुझा काळ्या गॉगलातला फोटो लागला आहे आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘मावळचा विद्युतरत्न हरपला’. त्या ‘रत्ना’समोर गंभीर चेहरा ठेवून उभं राहणं मला फार जड गेलं. शेवटी तोंडाला रुमाल लावला. लोकांना वाटलं, मुनीर रडतोय. थोडासा रडतही होतो, पण ते ऐकून तू हवेत जाशील, म्हणून पुन्हा सांगणार नाही.

विजेनं तुला कधीच धरलं नाही, ही विजेची माझ्या मते सर्वांत मोठी चूक. ओल्या हातानं फ्यूज काढणारा, दातानं वायर सोलणारा, खिशाला टेस्टर असूनही बोटाच्या पाठीनं करंट तपासणारा माणूस तू. आणि गेलास कसा, तर लग्नाच्या मांडवात, पंगतीची वाट बघत, खुर्चीत बसल्या बसल्या. डुलकी लागली असेल म्हणून कुणी हलवलं नाही. जिलेबी आली तरी तुझे डोळे उघडेनात, तेव्हा लोकांना संशय आला. तुला याहून चांगलं ओळखणारं गाव तुला मिळालं नसतं.

आपण दोघं एकमेकांच्या गळ्यात कसे पडलो ते मला आता आठवतही नाही. लोणावळ्यातल्या शनिवार-रविवारच्या बंगल्यांना गॅसची लाइन टाकणारा मी, आणि त्याच बंगल्यांचं वायरिंग करणारा तू. मी भिंतीला भोक पाडलं की तू त्यातून तुझी वायर घालायचास. स्वतः भोक पाडल्याचं तुला मी कधी पाहिलं नाही. मालक मुंबईला, राखणदार झोपलेला, आणि आपण दोघं एका स्टुलावरून भांडत असलेले. एका धंद्यात असतो तर दुश्मन झालो असतो. वेगवेगळ्या धंद्यात होतो म्हणून रोज भांडूनही उरलो.

आता त्या बंगल्यातल्या दिवसाचं काढतो. तू नाहीस तर निदान एकदा खरी गोष्ट सांगू दे.

मालकाला स्वयंपाकघरातली लाइन मागच्या ओट्यापर्यंत न्यायची होती. मी सिलिंडरचे कॉक बंद केले, शेगडी पेटवून पाइपातला गॅस जाळून टाकला, खिडक्या उघडल्या आणि लोखंडी पाइपाला करवत लावली. तू कठड्यावर बसून वडापाव खात होतास. पाइप सगळा कापला गेला, शेवटचा पदर राहिला, तो तुटला आणि त्या फटीत एक निळी ठिणगी उडाली. पाइपात कुठंतरी वाटीभर गॅस राहिला असणार. ‘भप्प’ असा आवाज आला आणि माझी डावी मिशी गेली. उजवी शाबूत राहिली.

करवतीनं ठिणगी पडली असं तू आयुष्यभर सांगत राहिलास. करवतीची ठिणगी निळी नसते, सोपान. खरी गोष्ट अशी, की त्या बंगल्यात अर्थिंगचा खड्डा खणायला कातळ लागला, म्हणून तू पाण्याच्या मोटारीची अर्थिंगची हिरवी वायर सरळ माझ्या गॅसच्या पाइपाला गुंडाळून टाकली होतीस. मोटारीतून करंट गळत होता. तो करंट पाइपातून चोरट्यासारखा जमिनीकडे चालला होता. पाइप अखंड होता तोवर कुणाला पत्ता नाही. मी पाइप तोडला, त्याची वाट तुटली, आणि त्यानं फटीतून उडी मारली. गॅसच्या पाइपात. ठिणगी टाकायला घरात तू याहून चांगली जागा शोधू शकला नसतास.

मळवली स्टेशनाबाहेरच्या चहाच्या टपरीवर ही गोष्ट तू इतक्यांदा सांगितलीस, की टपरीवालाही मधले शब्द भरायचा. “मुनीरशेठच्या मिशीला शॉर्टसर्किट झालं,” इथं हशा. “निम्मी मिशी घेऊन गेलं बेनं घरी, बायकुनं निम्मंच दार उघाडलं,” इथं दुसरा हशा. खोटं कशाला बोलू, दुसऱ्या हशात मी पण असायचो. तू सांगायचास छान.

पण त्या गोष्टीत तू एक गाळायचास. ठिणगी उडाल्यावर तू वडापाव टाकलास, अंगातला नवा कोरा शर्ट फाडून काढलास, माझ्या तोंडावर दाबलास आणि मला स्कूटरवर पुढ्यात धरून उघड्या अंगानं लोणावळ्याच्या भर बाजारातून दवाखान्यात नेलंस. चिक्कीच्या दुकानांपुढचे पर्यटक वळून वळून बघत होते. हँडल इतकं हलत होतं, की मला आगीपेक्षा त्या स्कूटरची भीती वाटली. इतकी वर्षं मला प्रश्न पडायचा, की स्वतःच्या मोठेपणाची प्रत्येक गोष्ट तिप्पट करून सांगणारा हा माणूस नेमकी हीच का सांगत नाही. तुझा फ्लेक्स बघता बघता उत्तर सापडलं. शर्टाची गोष्ट सांगितली असतीस, तर प्रकरण गंभीर होतं हेही सांगावं लागलं असतं. आणि मग कुणीतरी विचारलं असतं, की ती हिरवी वायर कुणी बांधली होती.

शर्टाबद्दल मी तुला कधी काही बोललो नाही. आता बोललो. पुढं चल.

त्या दिवसापासून मी नियम केला. पाइपाला हात लावण्याआधी टेस्टर. आणि कापण्याआधी, जिथं कापायचं त्या जागेच्या दोन्ही बाजूंना पाइपाचा रंग खरवडून, चाप लावून, जाड वायरीचा तुकडा जोडायचा. करंट असलाच तर त्यानं त्या तुकड्यातून जावं, फटीतून उडी मारू नये. काम पुरं होऊन पाइप पुन्हा एकसंध झाला, की मगच तुकडा काढायचा. एवढं साधं. हातभर वायर आणि दोन चाप. तू त्याचं नाव ठेवलंस ‘मुनीरचा ताईत’.

“बांधा, मुनीरशेठ, बांधा ताईत. नजर लागंल पाइपाला.”

“नजर नाही, तू लागलायस पाइपाला.”

“आरं, वायर ती वायर. हिकडून तिकडं गेली काय आन् तिकडून हिकडं आली काय. जिमिनीत गेल्याशी मतलब.”

“सोपान, पाइपाला अर्थिंगचा आधार द्यायचा असतो. घरभरच्या गळक्या मशिनींचा भार पाइपाच्या गळ्यात बांधायचा नसतो. पाइप आहे तो, गटार नाही.”

“लय शिकलायस.”

एवढ्यावर तुझा वाद संपायचा. ‘लय शिकलायस’ हे तुझ्याकडचं शेवटचं हत्यार. मी आठवीपर्यंत शिकलो. तू दहावी नापास, म्हणजे माझ्यापेक्षा दोन वर्षं जास्त शाळेत बसलास. तरी शिकलेला मी.

आता कमलवहिनींचं. तुझ्या बायकोचं नाव काढलं की तू विषय बदलायचास. आज तुला विषय बदलता येत नाही, आणि मला याचा मनापासून आनंद आहे.

लेणी बघायला येणाऱ्या लोकांना वहिनी घरगुती जेवण घालतात. पिठलं-भाकरी, शनिवार-रविवारी कोंबडी. हातात चव अशी, की तुझ्यासारख्याशी इतकी वर्षं मैत्री ठेवायला तेवढं एक कारण मला पुरलं. जेवणं वाढली म्हणून तू मागच्या पडवीत लोखंडी स्टँडवर दोन सिलिंडर ठेवलेस आणि तिथून स्वयंपाकघरात पाइप आणलास. मला बोलावलं नाहीस. “येवढ्याला कशाला फिटर,” म्हणालास. त्याच सुमारास घरात जुना फ्रिज आला. वहिनी म्हणाल्या, फ्रिज चावतो. तू दुपारभर फ्रिजमागं खाटखूट केलंस आणि फ्रिज चावायचा थांबला. तुझ्या हुशारीचं गावात कौतुक झालं.

आठवड्याभरात वहिनी म्हणायला लागल्या, पाइप चावतो.

मी तिथंच होतो, सोपान. माझ्या हातात त्यांनीच केलेला चहा होता.

“मुनीरभाऊ, तुमी तरी बघा. शेगडीच्या कॉकाला हात लावला का मुंग्या येत्यात. पाय वला आसला का कोपरापस्तोर.”

तू म्हणालास, “तिला काय बी चावतं. काल म्हणत व्हती पापड चावतो.”

मी हसलो. माझ्या पिशवीत टेस्टर होता आणि ताईतही होता. मी चहा संपवला आणि निघालो. वायरमनच्या घरात फिटरनं टेस्टर काढायचा म्हणजे तुझा अपमान, असा मला भारी सभ्य विचार सुचला. माझ्या आयुष्यातला सर्वांत मूर्ख विचार कुठला, असं कुणी विचारलं तर मला शोधावं लागणार नाही.

मग तू वहिनींना कामशेतच्या डॉक्टरकडं नेलंस. डॉक्टरनं सांगितलं, शिरांचा त्रास आहे. रोज दोन गोळ्या. त्यानं तुझंही प्रेशर बघितलं, ते भलतंच निघालं, म्हणून तुलाही एक गोळी दिली. “माझ्या लायनीत फॉल्ट न्हाई,” असं म्हणून तू तुझी पाकिटं हत्यारांच्या पेटीत टाकलीस. वहिनींच्या गोळ्या मात्र इमानानं आणत राहिलास. तीन वर्षं, दर महिन्याला, स्कूटरवर जाऊन. सणाला साडी विसरलास, पण गोळ्या कधी विसरला नाहीस. आता हे प्रेम म्हणायचं की पुरावा लपवणं, ते मला ठरवता येत नाही. तू समोर असतास तर दोन्हीला ‘व्हय’ म्हणाला असतास.

वहिनी आणखी एक मागायच्या. शेगडी खिडकीशी हलवा, धूर डोळ्यांत जातो. तू म्हणायचास, वास्तूत बसत नाही. ज्या माणसानं अमावास्येला मीटर बसवले, ज्यानं देवघराच्या भिंतीत स्विचबोर्ड ठोकला, त्याला अचानक वास्तुशास्त्र आठवलं. शेगडी हलवायची म्हणजे पाइप कापायचा, आणि त्याआधी माझा टेस्टर लागणार, हे तेव्हाच मला कळायला हवं होतं.

तुझं तेरावं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींचा फोन. “मुनीरभाऊ, शेगडी खिडकीशी न्यायची. आज.” आवाजात रडं नव्हतं. मी पिशवी उचलली आणि बेगडेवाडीच्या ठरलेल्या कामावर दांडी मारून भाज्याला आलो.

ओसरीवर तुझे थोरले भाऊ बसले होते, ज्यांना सगळं गाव आबा म्हणतं. मला बघून त्यांनी पाय लांब करून उंबऱ्याची वाट अडवली.

“कशाला मोडतोड? त्याच्या हातचं काम हाय. वरीस तरी जाऊ द्या.”

वहिनी आतून म्हणाल्या, “आबा, सैपाक तुमी करणार का वरीसभर?”

आबांनी पाय घेतले.

भिंतीवर तुझा फोटो, त्याला हार, आणि त्याच्या बरोब्बर खाली फ्रिज. मी पडवीत जाऊन सिलिंडर बंद केले, शेगडी पेटवून लाइन रिकामी केली, खिडकी उघडली. मग टेस्टर काढला. आबा दारात येऊन उभे.

“गॅसच्या पाइपाला टेस्टर कशापायी? त्यात लाइट आस्ती का?”

मी टेस्टर पाइपाला टेकवला आणि बोट मागं ठेवलं. तो भक्क पेटला, सोपान. तुझ्या फ्लेक्सभोवतीच्या माळेतले बल्ब पेटतात, त्याहून झकास.

मी टेस्टर तसाच टेकवून ठेवून वहिनींना म्हणालो, फ्रिजचं बटण बंद करा. टेस्टर विझला. चालू करा. पेटला. आबांनी मान पुढं काढली आणि म्हणाले, “आजूक येकदा.” मी आणखी एकदा दाखवलं. त्यांना पटेना म्हणून नव्हे. त्यांना मजा वाटत होती, हे मला मागाहून कळलं.

मग बटण बंद करून, प्लग काढून, आबांनी आणि मी फ्रिज पुढं ओढला. मागं तुझं काम होतं. फ्रिजच्या पाठीतून निघालेली हिरवी वायर, भिंतीला दर वितीवर खिळलेली, कोपऱ्यात काटकोनात वळवलेली, आणि शेवटी गॅसच्या पाइपाला पितळी चापानं आवळून वर कथलाचा डाग दिलेला. इतकं सुबक काम मी तुझ्या हातून एकाही बंगल्यात पाहिलं नव्हतं. लोकांच्या घरी तू गुंडाळून दिलंस; स्वतःच्या घरातलं संकट मात्र तू डाग देऊन पक्कं केलंस.

चावरं कुत्रं फ्रिजच्या दारातून सोडवून तू शेगडीच्या दारात बांधलंस आणि कुत्रं गेलं म्हणून सांगितलंस. आणि वहिनींचा हात त्या पाइपावर दिवसातून किती वेळा पडायचा, हे तू कधी मोजलं नाहीस. मुंग्यांचं एक राहू दे. त्या दर आठवड्याला स्वतः सिलिंडर बदलायच्या. ओल्या पडवीत उभ्या राहून, त्याच पाइपाची तांब्याची नळी सिलिंडरवरून सोडवायच्या. जोड सुटताना थोडा गॅस फुस्स करून बाहेर येतोच. माझी मिशी ज्या ठिणगीनं गेली, तिला तिथं दर आठवड्याला आमंत्रण होतं. ती आली नाही. ती का आली नाही, हे मला सांगता येत नाही. मी पडवीत जाऊन ती नळी बघून आलो आणि पाचेक मिनिटं मला पान्हा धरता येईना. तुझ्या स्कूटरचं हँडल तेव्हा इतकं का हलत होतं, ते मला आता कळलं.

तुला माहीत होतं का रे? तुझ्याशी एवढा एकच वाद उरलाय. माहीत नव्हतं म्हणावं, तर खिशातला टेस्टर तीन वर्षांत एकदाही त्या पाइपाला का टेकवला नाहीस? माहीत होतं म्हणावं, तर तू स्वतःही त्याच शेगडीवर चहा करून प्यायचास. मला वाटतं, तुला माहीत करून घ्यायचं नव्हतं. टेस्टर पेटला असता, तर मुनीरचा ताईत खरा, मुनीरची मिशी खरी आणि बायकोचे शब्दही खरे ठरले असते. तेवढ्या तिघांना एकदम खरं म्हणणं तुझ्या ताकदीबाहेरचं होतं. त्यापेक्षा गोळ्या सोप्या.

मी आबांना आणि वहिनींना सगळं समजावून सांगितलं. फ्रिज दुरुस्त होईपर्यंत त्याचा प्लग लावायचा नाही. मागच्या परसात, कातळ संपतो तिथं, अर्थिंगचा नवा खड्डा घ्यायचा. घराचं अर्थिंग तिथं न्यायचं आणि मग मेनबोर्डाशी पाइपही त्या अर्थिंगला नीट जोडून घ्यायचा, म्हणजे पाइप, फ्रिज आणि घरातली बाकीची यंत्रं सगळी एका पातळीवर राहतील आणि कुणी कुणाला चावणार नाही. आबा म्हणाले, “आमच्या सोपानला येवढं कळत नव्हतं?” मी म्हणालो, “आबा, त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.” हे तुझ्या तोंडावर मी मेलो असतो तरी बोललो नसतो.

मग मेनस्विच पाडला, हिरवी वायर कापली, पाइप दोन जागी खरवडला आणि ताईत बांधला. वीज बंद असतानाही बांधला. शेजारच्या घरात कुणी तुझ्याकडून वायरिंग करून घेतलं असेल, हे मी विसरलो नव्हतो. करवत फिरवली. शेवटचा पदर तुटताना डोळे मिटले, हे कबूल करतो. मिशी हाताखाली धरली होती, हेही. काही झालं नाही. खिडकीशी नवा जोड बसवला, साबणाचं पाणी लावून गळती बघितली, ताईत सोडला, मेनस्विच वर केला, टेस्टर टेकवला. तो मेला होता, तुझ्यासारखा.

वहिनी इतका वेळ हात बांधून बघत होत्या. आता पुढं आल्या. हंड्यात हात बुडवला, पाय ओल्या फरशीवर ठेवले आणि मला विचारलं, “धरू?”

“धरा.”

त्यांनी आधी बोटाची पाठ लावली, तू करायचास तशीच. मग पंजा. मग दोन्ही हातांनी पाइप घट्ट धरला आणि तशाच उभ्या राहिल्या. बराच वेळ. आबांनी नजर खाली घातली. मी चाप पुसायला घेतले.

वहिनींनी पाइप सोडला, हात पदराला पुसले आणि फळीवरचा गोळ्यांचा डबा खाली घेतला. त्यात त्यांची पाकिटं होती. तेराव्याच्या आवराआवरीत हत्यारांच्या पेटीतून निघालेली तुझी प्रेशरची, एकही गोळी न फोडलेली, तीही त्यांनी त्यातच ठेवली होती. त्या एकदा डब्यात बघत होत्या, एकदा भिंतीवर तुझ्याकडं. मला वाटलं, आता रडतील. आबांनाही तेच वाटलं असावं, कारण ते उठायला लागले.

वहिनी फोटोला म्हणाल्या, “आवं, मंग गोळ्या तुमी खायच्या व्हत्या की.”